खैरुनचाचीच्या पायवाटा

चढण संपवून माळावर आलो, की खैरुनचाची आम्हां सगळ्यांना पाठमोरं उभं करते. ज्या वाटेनं आलो तिच्याकडं तोंड करून, गप, चांगलं मिनिटभर. धाप लागलेली असते, शर्ट पाठीला चिकटलेला असतो, पलीकडं बालाघाटचा एवढा मोठा माळ पसरलेला असतो, आणि आम्ही पाच शहाणीसुरती माणसं मागच्या एका वाळक्या बाभळीकडं टक लावून उभी असतो.

"आली वाट बघून ठिवा," चाची म्हणते. "जाताना ती तोंड बदलती."

एकदा बँकेतल्या कांबळ्यांनी ऐकलं नाही. मोबाइलमध्ये नकाशा आहे, म्हणाले. परतताना ते ऐटीत पुढं निघून गेले आणि दोन तासांनी भलत्याच गावच्या वीटभट्टीवर चहा पिताना सापडले. पुढच्या रविवारी चढण संपल्यावर चाचीनं फक्त त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि दाराची कडी फिरवावी तसं त्यांना मागं फिरवलं. आता कांबळे चढण संपायच्या आधीच वळतात.

चाची सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल. आमच्या जाडजूड बुटांविषयी तिचं मत चांगलं नाही. एवढ्या जाड तळव्याला खाली खडक आहे का माती हे कळणार कसं, असं ती विचारते, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते कळत नाहीच. जातीनं मणेरीण, म्हणजे बांगड्या भरणारी. चाळीस वर्षं डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती येरमाळ्याच्या चहूबाजूंची गावं आणि वस्त्या चालली. पुढं मुलानं, रफीकनं, स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान टाकलं. बायका दुकानात येऊ लागल्या आणि टोपली माळ्यावर गेली. चाचीचं चालणं मात्र कुणाला माळ्यावर टाकता आलं नाही.

तिची आमची गाठ पडली तीसुद्धा चालतानाच. मी गणिताचा मास्तर. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इथं आलो, पोट पुढं आलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकट्यानं चालायचा कंटाळा म्हणून बायकोला ओढलं, बायकोनं दवाखान्यातल्या शिंदे सिस्टरना, सिस्टरनी त्यांच्या मिस्टरांना, आणि कांबळे आपण होऊन आले. पहिल्याच रविवारी माळावर वाटेला दोन फाटे फुटले तिथं आम्ही अर्धा तास वाद घालत उभे होतो. मागून चाची आली. कुठं निघालात, म्हणाली. कुठं असं नाही, नुसतं फिरायला, असं आम्ही सांगितलं. तिला ते समजेना. कुणाच्या घरी, तिनं पुन्हा विचारलं. कुणाच्याच नाही. कुणी आजारी हाय का? नाही. मयत? नाही हो चाची, सहजच.

तिनं आम्हां पाचही जणांकडं आळीपाळीनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जी कणव आली ती मी विसरणार नाही.

"काम न्हाय, घर न्हाय, आन् उन्हात हिंडायलेत," ती म्हणाली. "चला, म्या दावते."

तेव्हापासून दर रविवारी ती पुढं आणि आम्ही मागं. तिच्या वाटा कुठल्याच नकाशात नाहीत. कुसळी गवतातून जाणारी, दोन पावलांच्या रुंदीची एक, ओढ्याच्या पात्रातून दगडांवर पाय देत जाणारी दुसरी, तरवडाच्या पिवळ्या फुलांतून एकदम खोऱ्यात उतरणारी तिसरी. प्रत्येक वाटेला बाईचं नाव. ही चंपाची चढण, तो पारूचा उतार. मला आधी ती देव्यांची नावं वाटली, म्हणून चंपाच्या चढणीवर मी एकदा हातही जोडले. चाची पोट धरून हसली. चंपा म्हणजे चढणीच्या टोकाला राहणारी चंपाबाई गायकवाड. ती त्या वेळी दारात लसूण सोलत बसली होती, आणि नमस्कार आपल्यालाच केला समजून तिनं मला "जोडीनं सुखी ऱ्हा" असा आशीर्वादही दिला.

गेल्या वर्षी ओढ्यात चाचीचा पाय मुरगळला. तीन आठवडे ती खाटेवर होती. त्यानंतर रफीक शाळेत मला भेटायला आला. फार अदबीचा माणूस. अम्मीचं वय झालं, सर, तिला आता नेऊ नका, तुमचा शब्द ती मानते, एवढंच म्हणाला. मी कबूल केलं. रविवारी पाहतो तर चाची काठी घेऊन नेहमीच्या वळणावर हजर. मी चाचरत रफीकचा निरोप सांगितला. तिनं पूर्ण ऐकून घेतला, मग काठीनं मला खूण केली आणि आम्हां सगळ्यांना घेऊन सरळ दुकानात गेली.

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोर, आवाज न चढवता, ती रफीकला म्हणाली, "बाबा, म्या घरी बसते. पर ह्या मास्तरला बघ. पोरान्ला हिशेब शिकवतो, आन् तुरीच्या रानात गेला तर भाईर निघायची वाट त्याला घावत न्हाय. ह्येन्ला म्या वाटंला लावलं. उद्या ह्येन्चं काय झालं तर बोल कुणाच्या घराला लागंल?"

रफीकनं माझ्याकडं बघितलं. शाळेत माझ्या नावाचा दरारा आहे. गिऱ्हाइकांत दोन माझ्या विद्यार्थ्यांच्या आया होत्या. मी बुटांकडं बघत म्हणालो, "खरं आहे." कांबळ्यांनी तर न विचारताच वीटभट्टीची सगळी गोष्ट सांगितली. रफीकला हसू आवरेना. त्यानं दुकानातून खाली उतरून आईच्या काठीचं टोक तपासलं, झिजलेलं रबर काढून नवं बसवलं आणि तिला जाऊ दिलं.

या हिवाळ्यात एका रविवारी चाचीनं आम्हाला तळ्यावर नेलं. ज्वारी कमरेला आलेली, पाण्यावर बदकं उतरलेली. भरावावरून सरळ परतायचं ठरलं होतं, पण ती मध्येच वर वस्तीकडं वळली. इतक्या उभ्या चढणीवर तिनं जाऊ नये असं सिस्टर म्हणाल्या. चाचीनं ऐकलं नाही.

वर एकच घर होतं. ओट्यावर तिच्याच वयाची एक बाई ऊन खात बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. चाचीनं तिला सोजर म्हणून हाक मारली आणि शेजारी बसली. आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणून आम्ही अंगणात उभे राहिलो. दोघी कांद्याच्या रोपाविषयी बोलत होत्या. बोलता बोलता चाचीनं सोजरबाईचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. पाची बोटं जुळवली, अंगठा आत घेतला, बांगडी चढवताना तळव्याचं हाड दाबतात तसं हलकेच दाबलं आणि मनगटापर्यंत बोटं फिरवत नेली. बांगडी नव्हती. मग डावा हात घेतला. सोजरबाई डोळे मिटून कांद्याविषयी सांगतच राहिल्या.

माझ्या बायकोनं माझी बाही धरली. सोजरबाईंचे मालक जाऊन बारा वर्षं झाली, हे वाटेत चाचीनंच तिला सांगितलं होतं. ज्या बाईचा नवरा गेला तिच्याकडचं मणेरणीचं काम संपतं. मग तिच्याकडून मणेरणीला बोलावणंही येत नाही.

उतरताना मी चाचीबरोबर मागं राहिलो. अजून अशी किती घरं आहेत, विचारलं. तिनं थोडा विचार केला. चंपा हाय, पारू हाय, लई हायती, म्हणाली.

"घरात सून आस्ती, नातवंडं आस्त्यात," ती म्हणाली. "भाकर देत्यात, पाणी देत्यात. पर हात कोण धरतंय, मास्तर?"

रफीकचे वडील जाऊन किती वर्षं झाली, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. पदराखालून बाहेर आलेलं तिचं स्वतःचं मोकळं मनगट मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढं खडीचा घसरडा उतार होता. असल्या ठिकाणी आधार द्यायला गेलं की ती काठी उगारते, हे मला ठाऊक होतं. तरी मी हात पुढं केला. तिनं काठी डाव्या हातात घेतली, माझा हात धरला आणि सवयीनं एकदा दाबून बघितला.

"अडीचच्या बांगडीचा हाय," ती म्हणाली. "बाईवानी मऊ हाय, काम करीत जावा."

तेवढं बोलून ती चालू लागली. खाली तळ्याच्या भरावापर्यंत सपाट वाट आली, तरी तिनं हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.