नथ्थूभाऊंचा मुका बाजा

आमच्या शेजारचे नथ्थूभाऊ रोज दुपारी ग्रामोफोनला चावी द्यायचे, आणि थाळीवर तबकडी मात्र ठेवायचे नाहीत. कर्णा नाही, सुई नाही. नुसती रिकामी थाळी गरगर फिरतेय आणि हे समोर मांडी घालून बसलेत!

सीताबर्डीच्या जुन्या बाजारातून आणलेलं ते खोकं. गल्लीत तेव्हा घरोघरी ट्रान्झिस्टर आलेले, त्यामुळे ह्यांची थट्टा ठरलेलीच.

"काहून गा नथ्थू, आज कोनतं गानं?"

"जे तुले आयकू येत नाई, थे," नथ्थूभाऊ शांतपणे सांगायचे. वर त्यांचं ठेवणीतलं वाक्य, "मशीनले जीव असते बाबू. मानसाले नुसतं तोंड!"

मला मेलीला राहवतंय कुठे! माळ्यावरच्या सासऱ्यांच्या तबकड्या घेऊन गेले, तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. गानं नाई पायजे. मले फक्त मोटर पायजे."

त्यांची बायको, पारबताबाई, लहानपणीच्या तापात ठार बहिऱ्या झालेल्या. नथ्थूभाऊ हाडाचे विणकर. घरात हातमाग होता तोवर त्याचा ठोका जमिनीतून बाईंच्या अंगात जायचा. ठोका चालू म्हणजे नवरा घरात, सगळं ठीक. दुपारी तिथेच भिंतीला टेकून झोपायच्या. पुढे धंदा बसला, माग विकला, आणि बाईंची झोपच गेली. डोळा लागला की दचकून उठायच्या, शेजारी बसलेल्या नवऱ्याला हात लावून बघायच्या. मग हे खोकं आलं. त्याच्या लाकडावर तळवा ठेवला की आतल्या मोटरची घरघर हाताला जाणवायची, आणि बाई झोपायच्या.

एका उन्हाळ्यात आतली स्प्रिंग तुटली. बाई पुन्हा जाग्या. चार दिवसांत चेहरा पार उतरला.

नथ्थूभाऊंनी मोटर स्वतःच खोलली. मी वाळ्याच्या पडद्याला पाणी मारून तिथेच बसले होते. स्प्रिंगची डबी उघडली मात्र, ती लांबलचक पट्टी सळ्ळकन बाहेर आली आणि थेट कढीने भरलेल्या गंजात!

"सरका वहिनी, नाग निघाला!"

नाग धुतला. तुटलेलं टोक शेगडीवर लाल करून नवं भोक पाडलं, म्हणजे ते आतल्या खिळ्यात अडकेल. वाळलेलं ग्रीस रॉकेलने काढून नवं भरलं. मग कांडीवर सूत भरावं तशी ती पट्टी वेढ्यावेढ्याने डबीत बसवली. पडद्यातून हिरवट उजेड येत होता, वाळ्याचा वास पसरला होता, आणि नथ्थूभाऊ स्वतःशीच काही पुटपुटत होते. मला तर आपण विहिरीच्या तळाशी बसलोय असं वाटायला लागलं.

चावी दिली. थाळी फिरली, अगदी लोण्यासारखी.

नथ्थूभाऊंनी मोठ्या ऐटीत बायकोला बोलावलं. बाईंनी तळवा ठेवला. थांबल्या. दुसरा ठेवला. मग हात काढून मान हलवली: बंद आहे.

"फिरून राहिली ना वं!" ते थाळीकडे बोट दाखवत राहिले. बाई उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या, रिकाम्या उन्हाकडे बघत.

नथ्थूभाऊंचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, जास्तच चांगली झाली हो."

त्यांनी मोटर पुन्हा खोलली. मग आत वेग आवरणाऱ्या शिशाच्या तीन गोळ्या होत्या, त्यातली एकच काढून कानशीने घासायला लागले.

"अहो, एवढी दुरुस्त केली ती बिघडवता काय?"

"लंगडी करून राहिलो. लंगडं चाललं का जमिनीले समजते."

गोळी बसवली, चावी दिली. खोकं थरथरायला लागलं. शेजारचा पाण्याचा पेला किणकिणला.

त्यांनी बाईंचा हात धरून आणला. तळवा टेकला तशा त्या तिथेच खाली बसल्या. थोड्या वेळाने गालही लाकडाला लावला. पापण्या हळूहळू मिटल्या. माग विकल्यापासून इतकं सैल पडलेलं त्यांचं अंग मी पाहिलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "जमलं हो, नथ्थूभाऊ!"

त्यांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "हळू बोला ना वहिनी. आत्ताच डोया लागला तिचा."