मुख्याध्यापकांचा कोलेस्टेरॉलचा पेपर

मुख्याध्यापकांचं कोलेस्टेरॉल वाढलं, तेव्हा बायकोनं लोणी कुलपात टाकलं आणि किल्ली कमरेला खोचली. "पुढचा रिपोर्ट चांगला आला तरच तळलेली अंडी. नाहीतर जन्मभर उकडलेली!"

माणूस हादरलाच. लोण्यातल्या अंड्यांवाचून त्यांची सकाळ उजाडतच नसे. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने दिले होते; रोज चाला, गोळी घ्या, तळकट सोडा. पण रोज कशाला? पेपर तर शेवटी आहे! "आदल्या रात्री पुस्तक उघडता, लाज नाही वाटत?" म्हणून पोरांना आयुष्यभर झोडपणाऱ्या या गृहस्थाने शाळेच्या कँटीनमध्ये तळणावर यथेच्छ ताव मारला आणि शेवटच्या आठवड्यात कंबर कसली. बिल्डिंगचा जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. यांचं काहीतरी हरवलंय असं वाटून शेजारीही शोधायला लागले. आदल्या दिवशी तर नुसत्या काकड्या!

रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल एकशे नव्वद, चांगलं पस्तीस.

"बघ! एकशे नव्वद! आणि इकडे पस्तीस, म्हणजे पास!"

"अहो, वाईट शंभराच्या आत हवं, आणि चांगलं चाळिसाच्या वर!" बायको म्हणाली.

"पासिंग चाळीसवर कधी नेलं? परिपत्रक कुठाय?"

तणतणतच ते दवाखान्यात शिरले. बायको बाहेर बाकावर बसली. डॉक्टरीणबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"फेरतपासणी करा," मुख्याध्यापक गरजले.

"रक्त तेच आहे, सर."

"मग त्या एकशे नव्वदातले पाच इकडे वळते करा!"

"सर, शेवटच्या आठवड्यातच चाललात ना? महिनोन्महिने साठलेलं असं आठवड्यात उतरत नाही. चालणं, जेवण, गोळी, सगळं रोजच्या रोज. नाहीतर एक दिवस हृदयच संपावर जाईल."

मुख्याध्यापक घाबरले. खरंच घाबरले. "मग आता?"

"तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा. आणि आत्ता पालकांना आत बोलवा."

बायको आत आली. मुख्याध्यापक खुर्चीतून उठले आणि हात मागे बांधून कोपऱ्यात उभे राहिले.

"यांचं रोजच्या अभ्यासात लक्ष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरी मी कानीकपाळी ओरडत असते हो," बायको डोळे पुसत म्हणाली, "पण माझं ऐकतील तर शपथ! आता तुम्हीच काय ती शिक्षा करा."