खरी जुनी आणि नवी जुनी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये, असंच ते आहे! अठ्ठावन्न सालच्या, दोनदा समुद्रात आणि एकदा विहिरीत पडलेल्या माझ्या मोटारसायकलीनं एका नव्याकोऱ्या गाडीला वसईजवळच्या निर्मळ ते राजोडी शर्यतीत हरवलं. साल दोन हजार नऊ. साक्षीदार हवा असेल तर माझा मित्र गॅब्रिएल आहे. तो गाड्या दुरुस्त करतो. म्हणजे उघडतो तरी नक्की!

ही गोष्ट मी निर्मळच्या तळ्याकाठच्या कट्ट्यावर आजवर अकरा वेळा सांगितली आहे. दर वेळी ती थोडी सुधारते. गेल्या रविवारी सकाळी बाराव्यांदा सांगितली, तशीच इथं देतो.

माझी ही गाडी म्हणजे गाडी नव्हतीच, हत्तीण होती! इंजिन तापलं की त्यावर सुनंदा भाकरी शेकायची. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती हे नाकारते. हेडलाइट असा, की राजोडीचे मच्छीमार तो बघून होड्या किनाऱ्याला लावायचे. हॉर्न वाजवला की भुईगावच्या कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायला विसरायच्या. आणि याच गाडीच्या टाकीवर बसवून मी माझ्या जितेशला शाळेत सोडायचो. हे मात्र अगदी खरं आहे.

नंतर मात्र आठ वर्षं ती आमच्या वाडीतल्या केळी पिकवायच्या खोलीत उभी होती. घडांच्या शेजारी राहून तिला केळ्यांचा वास यायला लागला होता. सीटवर चिकाचे काळे डाग. सायलेन्सरमध्ये मुंग्यांनी सोसायटी काढली होती. नोंदणी तेवढी बाकी होती!

जितेश वसईला स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या घरापासून अर्ध्या तासाचा रस्ता. पण तो यायचा गणपतीला, आणि दुसरा मोदक हातात घेऊनच निघायचा. अशाच एका गणपतीत तो म्हणाला, "बाबा, मोटारसायकल घेतोय. तुम्हाला आवडेल. अगदी जुन्यासारखी दिसते."

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. गोल दिवा, स्प्रिंगांची सीट, टाकीवर सोनेरी पट्टा.

"अरे, ही तर आपलीच गाडी!"

"दिसते तशी. आत सगळं नवीन. बटण दाबलं की सुरू."

"मग जुनीच हवी तर मागच्या खोलीत आहे की!"

"बाबा, ती चालत नाही."

"चालत नाही म्हणू नकोस. तिला कोणी चालवत नाही!"

"तिच्या किकनं तुमच्या नडगीला टाके पडले होते."

"ती तिची पद्धत आहे. ओळखीच्या माणसालाच मारते!"

"मला रोज ऑफिसला जायचंय, बाबा. रोज मार नाही खायचा."

आता माझा पारा चढला. तरण्या पोरानं केसांना पांढरा रंग लावून फिरावं, तशी ही गाडी! मी ओरडलो, "म्हणजे तुम्हाला म्हाताऱ्यासारखं दिसणारं पाहिजे. म्हातारं नको!"

आतून सुनंदा डोकावली. "अहो, गाडीबद्दलच बोलताय ना?"

"गाडीबद्दलच!" मी म्हणालो.

आणि तिथंच मी शर्यत लावली. नव्या गाडीनं बाजी मारली, तर मी माझी गाडी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला देईन. माझी जिंकली, तर जितेशनं नवी घ्यायची नाही. जुनी घेऊन जायची आणि दर रविवारी त्याच गाडीवर बसून घरी जेवायला यायचं. दुसऱ्या कशानं आलेलं चालणार नाही!

जितेश म्हणाला, "ठीक आहे. तळ्यापासून राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत. वाट कुठलीही."

वाट कुठलीही! हे दोन शब्द मी मनात घट्ट बांधून ठेवले.

गॅब्रिएलनं आठ दिवस माझ्या गाडीवर काम केलं. पहिल्या दिवशी त्यानं ती उघडली. आठव्या दिवशी मिटली, तेव्हा मूठभर नटबोल्ट उरले. मी घाबरलो. तो म्हणाला, "जयवंता, जुन्या गाड्यांत कंपनी जास्तीचे घालायची. घरी ठेव."

रविवार उजाडला. जितेश त्याच्या मित्राची, संग्रामची, कालच आणलेली गाडी घेऊन आला. अगदी तीच, फोटोतली. हँडलला झेंडूचा हार, सीटवर प्लास्टिक तसंच. त्यानं बटण दाबलं. गाडी मांजरासारखी गुरगुरली आणि निघाली.

मी किक मारली. एक. दोन. एकवीस! बाविसाव्या किकला गाडीनं ओळख दाखवली आणि मी तळ्याच्या पायरीवर बसलो. मग गॅब्रिएलनं ढकलायला घेतलं. सायलेन्सरमधून धूर आणि मुंग्या एकदमच बाहेर पडल्या, आणि वाचकहो, गाडी सुरू झाली! देवळावरची कबुतरं उडाली. फुलांच्या टोपल्या घेऊन चाललेल्या बायका रस्त्याच्या कडेला झाल्या. मी वाऱ्यासारखा सुटलो!

पहिल्या वळणापर्यंत.

तिथं ती खोकली, कण्हली आणि उभी राहिली. मागून गॅब्रिएल धापा टाकत आला. "तेल संपलं का रे?"

"भरलं कोणी होतं?"

"मला वाटलं तू भरलंस!"

आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत होतो, तेवढ्यात राजोडीच्या पुतळाबाईचा टेम्पो आला. ती निर्मळच्या बाजारात मासळी विकून परत निघाली होती. तिचा जावई टेम्पो चालवत होता.

"दादा, काय झालं? मोटारसायकल मेली का?"

"झोपली आहे! पुतळाबाई, राजोडीला नेतेस?"

"चढव की. पन मासळीच्या पान्यात बसाय लागंल."

आता तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली. झालीच! लपवतो कुठं? वाट कुठलीही, असं ठरलं होतं. गाडीनं चालतच जायचं, असं कोणी म्हटलं होतं? आम्ही चौघांनी फळी लावून गाडी वर चढवली. ताडपत्रीखाली मी, गाडी आणि बोंबलांच्या रिकाम्या टोपल्या. वासानं डोळ्यांतून पाणी. वासानंच!

नवीन गाडी पहिले काही दिवस जोरात पळवायची नसते. त्यामुळे जितेश बैलगाडीच्या वेगानं चालला होता. टेम्पो त्याच्या शेजारून गेला तेव्हा मी ताडपत्री जरा उचलून पाहिलं. तो शीळ घालत होता. हसत होता, एकटाच. टाकीवर बसून शाळेत जाताना हसायचा, तसा. मी ताडपत्री खाली सोडली.

राजोडीला सुरूच्या झाडांमागे आम्ही गाडी उतरवली आणि वाळूत ढकलत नेली. दहा मिनिटांनी जितेश आला. मी सीटवर बसून मिशी पिळत होतो.

तो जवळ आला. वास घेतला. इंजिनावर हात ठेवला.

"थंड आहे, बाबा."

"समुद्राचा वारा!"

"सीटवर खवले आहेत."

"वाटेत... मासे उडत होते!"

तो वाद घालेल म्हणून मी सात उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. तो फक्त म्हणाला, "जिंकलात, बाबा." दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवून गाडी घेऊन गेला. सुनंदा मला म्हणाली, "हरला असतात तर काय बिघडलं असतं?" बायकांना शर्यतीतलं काही कळत नाही!

"आणि तेव्हापासून," कट्ट्यावर गॅब्रिएलशेजारी बसून मी आवाज चढवला, कारण इथं तो चढवावाच लागतो, "दर रविवारी साडेअकराच्या ठोक्याला माझ्या गाडीचा आवाज नाक्यावरून येतो. सुनंदा तो ऐकूनच तवा ठेवते. जितेश पोटभर जेवतो, तंगड्या पसरून झोपतो. खरी जुनी गाडी ती खरी जुनी! ती माणसाला घरी आणते!"

कट्ट्यावरच्या लोकांनी माना डोलावल्या. पुतळाबाई टोपली शेजारी ठेवून मघापासून ऐकत बसली होती. ती काही डोलली नाही.

"दादा," ती म्हणाली, "टेम्पोचं खरं सांगितलंस, ते बरं केलंस. पन हे काय? तुझा जितेश आज सकाळीच राजोडीला होता. बायको मागं बसलेली. माझ्याकडनं कोलंबी घेतली. दर रविवारी घेतो. नव्या गाडीवर येतो, बटनवाल्या."

"दुसरा कोणी असेल," मी म्हणालो.

"त्याला लहानपनापासनं बघतेय मी. मी इचारलं, बाबांकडं जातोस का रे? तर म्हनाला, अट बाबांचीच हाय, जुन्या गाडीवरच यायचं. ती चालूच होत नाय, तर मी काय करू?" तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली. "आता तू सांग, दादा. दर रविवारी तुझ्याकडं कोन येतो जेवायला?"

कट्टा माझ्याकडे बघायला लागला. मी तळ्याकडे.

"मी," गॅब्रिएल हळूच म्हणाला.