तिसरा नकार

दान देणाऱ्याचा हात वर असतो व घेणाऱ्याचा खाली, हे त्रिकालाबाधित सत्य होय. परंतु दान जेव्हा ताडाच्या वीस झाडांइतके लांब असते, तेव्हा ते ठेवावे कोठे, याविषयी थोर पुरुषांनी मौन पाळलेले आहे.

मरजान संस्थानच्या राजशिष्टाचार खात्याचे प्रमुख हम्दान बिन रुबैय यांस हे मौन नऊ वर्षे जाचत होते. पाहुण्याने वस्तूची स्तुती करावी, यजमानाने "ती आपलीच" म्हणावे, पाहुण्याने तीनदा नकार द्यावा व वस्तू जागची हलू नये, अशी आमची उदात्त रीत आहे. शेजारच्या सुलतानाची शाही नौका वाखाणून मरजानच्या अमीरांनी दोन नकार निर्दोष दिले. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या मुखात खजूर होता. मौन ही संमती मानून टाळ्या झाल्या.

नौका ओढून आणण्यात आली. (अमीरांनी स्तुती रूपाची केली होती, इंजिनाची नव्हे, सबब इंजिन सुलतानाने ठेवून घेतले.) राजभेट विकता येत नाही, मोडता येत नाही व देणारा हयात असेतो दडवताही येत नाही. म्हणून ती बंदरातील खोल पाण्याच्या एकमेव धक्क्यास बांधली गेली, आणि सिद्रा बेटाची प्रवासी बोट कायमची बंद पडली. नौकेची कामगिरी मात्र उज्ज्वल आहे. नऊ वर्षांत एकही अपघात नाही, एकही प्रवासी हरवला नाही व वेळापत्रक एकदाही चुकले नाही.

हम्दान यांच्या मातोश्री सिद्रा बेटावर राहत. गुडघ्यांवर उपचार घेण्यास त्या दर आठवड्यास मासळीच्या होडीतून येत.

"पोरगा सरकारात मोठा," टोपल्यांमधून उठत त्या म्हणत, "नि आईच्या अंगाला बांगड्यांचा वास. सून जवळ बसत नाही माझ्या."

"अम्मा, पुढच्या खेपेला तू बोटीनं येशील."

"मागच्या ईदलाही हेच म्हणालास. होडीतल्या माशांनासुद्धा पाठ झालंय."

कोणी नौका वाखाणावी व घेऊन जावी, म्हणून हम्दान यांनी मग तीवर विदेशी पाहुण्यांस मेजवान्या देण्याचे धोरण आखले. एकाने गालिचा वाखाणला, गालिचा गेला. दुसऱ्याने कप्तानाच्या मिशा वाखाणल्या, कप्तान गेला. (पद रिक्त आहे.) तिसऱ्याने डेकवर उभे राहून केवळ समुद्राची स्तुती केली. समुद्र हस्तांतरित करता येतो काय, यावर समिती नेमली आहे.

अखेर एके सकाळी अमीर नौकेवर कॉफी घेत असता मासळीची होडी खाली लागली. म्हातारीस वर घेण्यात आले. तिने सभोवार पाहिले.

"छान आहे हो तुमची नाव."

अमीर सवयीने म्हणाले, "तुमचीच आहे, मावशी."

"छे, लेकरा. मला कशाला?"

"तुमचीच."

"नको, नको."

"अहो, तुमचीच."

त्या क्षणी हम्दान यांनी, आयुष्यात प्रथमच शिष्टाचार मोडून, आईपुढे खजुरांचे तबक धरले. नौका घरची झाली की धक्क्यावरून हलवू, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आईने मुलाकडे पाहिले व खजूर तोंडात टाकला.

अमीरांनी सोडलेला सुस्कारा धक्क्यावर ऐकू गेला.

राजभेटीचे नियम नव्या मालकिणीसही लागू आहेत, हे खात्याने दुपारी कळविले. कागदावर सही खातेप्रमुखांची, म्हणजे हम्दान यांचीच होती. नौका तेथेच आहे. मातोश्री मासळीच्या होडीतूनच येतात, आता प्रथम आपल्या नौकेची धूळ झटकतात व मग गुडघे दाखवण्यास जातात. आल्यागेल्यास कॉफी पाजतात, परंतु गावातील लोक डोळे मिटून पितात.

आपण मात्र, वाचकहो, येथवर डोळे उघडे ठेवून आलात. वाटेत कोठे मनातल्या मनात "वा" म्हणाला असाल, तर नौका आपलीच आहे. आपण नको म्हणता आहात, ते ऐकू आले. पुन्हा म्हणालात, तेही ऐकले. तिसऱ्यांदा म्हणण्यापूर्वी हा एक खजूर घ्यावा.