चांगुणाबाईंची बरणी

एका जंगलात, मुलांनो, चांगुणाबाई नावाचं एक शेकरू राहत होतं. मुलांनो म्हटलं म्हणून खरोखरच्या मुलांनी पुढे सरकून बसायचं कारण नाही. त्यांनी बाहेर जाऊन खेळावं. जिना चढताना ज्यांचे गुडघे वाजतात, त्या मुलांसाठी ही गोष्ट आहे.

चांगुणाबाईंचं घर हिरड्याच्या झाडावर होतं. साठवणीत त्यांचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. फणसाच्या आठळ्या मातीत लिंपून ठेवाव्यात, कडधान्यात बिब्बे टाकावेत, डाळीला एरंडेल चोळावं, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. त्यांच्या ढोलीतल्या चिंचेला कधी बुरशी आली नाही. भेकराच्या घरी तांदळात किडे झाले की भेकरीण आधी चांगुणाबाईंकडे यायची आणि मग नवऱ्याला सांगायची.

पण त्यांचे गुडघे धरले होते. ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडावर त्यांची लेक गोदू दिली होती. मधे बारा हातांचं अंतर होतं. पूर्वी चांगुणाबाई हे अंतर कालवणाची वाटी हातात घेऊन, एक थेंब न सांडता ओलांडत. आता फांदीच्या टोकाशी जायच्या, खाली बघायच्या आणि गुडघा चोळत परत फिरायच्या.

अशात गोदू बाळंत झाली. मुलगी झाली.

शेकरांमध्ये एक रीत आहे. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. महिन्याभराने ते उघडतात आणि त्याच दिवशी बारसं करतात. उघडल्या डोळ्यांना पहिलं तोंड आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, दिसावं लागतं. आजीचं दिसलं तर पोर गुणी निघतं. दुसऱ्या कुणाचं दिसलं तर त्याच्यावर जातं. गोदूची सासू खादाड आणि भांडखोर होती, आणि ती तर त्याच झाडावर राहत होती.

चांगुणाबाई त्याच दिवशी वैद्यांकडे गेल्या.

वैद्य कासव होते. ते फार सावकाश बोलत. त्यांचं वाक्य संपेपर्यंत निम्मे रोगी बरे होऊन घरी जात. त्यांनी चांगुणाबाईंचा गुडघा वाकवून पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की रोज झाडावरून तीनदा खाली उतरायचं आणि तीनदा वर चढायचं, महिनाभर. चांगुणाबाईंनी ती ऐकली न ऐकली. गुडघे दुखतात म्हणून यावं तर हा चढ म्हणतो, आणि स्वतः जन्मात झाडावर चढलेला नाही, असं त्यांच्या मनात आलं.

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी कान टवकारून ऐकली. वैद्य म्हणाले, तेवढ्याने बरं वाटलं नाही तर गांजाचं फूल घ्या, अगदी चिमूटभर, तुपात कढवून. महाराजांनी आता परवानगी दिली आहे.

हे खरं होतं. त्या जंगलात गांजा पूर्वीही होता. वडाखालचे अस्वलबुवा गेली तीस वर्षं चिलीम ओढत होते आणि सगळं जंगल तीस वर्षं नाक दुसरीकडे वळवत होतं. गेल्या पावसाळ्यानंतर सिंहमहाराजांनी वटहुकूम काढला. वैद्याची चिठ्ठी असली की ते औषध, नसली की व्यसन. तेव्हापासून लोक नाक वळवेनासे झाले आणि चिठ्ठ्या गोळा करू लागले.

दुकान काढलं होतं धनेशशेठने. मोठ्या चोचीचा धनेश पक्षी तो. त्यांच्या घराण्याला हवाबंद करण्याची विद्या पिढीजात होती. अंडी घालायच्या वेळी हे लोक बायकोला ढोलीत बसवून दार मातीने लिंपून टाकतात आणि फटीतून खाऊ घालतात. ज्याने बायको अशी टिकवली, तो फुलं काय सहज टिकवील, असा जंगलाचा विश्वास होता. बायकोचं मत कुणी विचारलं नव्हतं.

धनेशशेठने चांगुणाबाईंना बसायला सालीचा तुकडा दिला आणि पळसाच्या पानावर लिहिलेलं एक पत्रक दिलं. वर लिहिलं होतं, ‘नवशिक्यांसाठी’. चांगुणाबाईंना तो शब्द झोंबला.

त्यांनी फुलांची परीक्षा बाजारात करतात तशीच केली. एक फूल उचलून दाबलं. देठ मोडून पाहिला, तो कट्कन मोडला. वास घेतला, गवताचा आला नाही. कुठे पांढरी बुरशी आहे का, ते उजेडात धरून पाहिलं. मग विचारलं, वरचं दाखवायचं नि खालचं द्यायचं असं नाही ना? धनेशशेठ मनात वरमला. पत्रकातली फूल पारखण्याची पहिली चारही कलमं बाईंनी न वाचता उरकली होती.

मग तो नावं सांगू लागला. या फुलाचं नाव हिरवी समाधी, ते डोंगरची राणी. हिच्या वासात आधी लिंबाची साल येते, मागून ओली माती. चांगुणाबाई म्हणाल्या, ओली माती मला दारात फुकट मिळते, गुडघ्याचं बोला.

“गुडघ्याला ही समाधी बरी,” धनेशशेठ म्हणाला. “पण काकू, पहिल्यांदा घेताय, चिमूटभरच न्या. लागू पडलं तर पुन्हा या.”

“चिमूट काय न्यायची शेठ? शेजारीपाजारी काय म्हणतील? आमच्यात कुठलीही वस्तू वर्षाची भरतात.”

धनेशशेठ नको म्हणाला. पण दुकानदाराचं नको ते, किती वेळ टिकणार? चांगुणाबाई चांगलं मापटंभर फूल घेऊन निघाल्या, आणि निघताना वर मूठभर घालून घ्यायला विसरल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी ते औषध घ्यावं की नाही? घ्यायलाच हवं होतं. पण वर्षाची वस्तू घरात आली की आधी ती नीट भरायची, मग वापरायची, हा त्यांचा जन्माचा नेम होता. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. त्यांनी शेंड्यावर मोठी पानं अंथरली आणि गांजाचं वाळवण घातलं. कडेने कडुलिंबाचा पाला टाकला, मधे चार बिब्बे ठेवले आणि पाखरं येऊ नयेत म्हणून स्वतः शेपटी हलवत राखणीला बसल्या.

वरून धनेशशेठ उडत चालला होता. ते दृश्य पाहून तो हवेतच अडखळला.

“काकू, हे काय केलंत? या काय मुगवड्या आहेत?”

मग त्याने एकेक गोष्ट समजावून सांगितली. उन्हाने या फुलाचा गुण जातो. वाऱ्याने वास जातो. उष्णतेने ते कोळपतं आणि दमट जागी बुरशी धरतं. सारखं हाताळलं तर त्याच्यावरची पावडर झडते, आणि सगळा जोर त्या पावडरीतच असतो. काचेच्या बरणीत, घट्ट झाकण लावून, गार अंधारात ठेवायचं. आणि बरणी उगाच उघडायची नाही.

चांगुणाबाईंचं तोंड उतरलं. साठवणीत चूक काढलेली त्यांनी या वयापर्यंत ऐकली नव्हती. सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेली लोणच्याची बरणी त्यांनी शोधून आणली, राखेने सात वेळा घासली, तरी तिला कैरीचा वास येत राहिला म्हणून आठव्यांदा घासली. फुलं अलगद आत ठेवली. झाकण लावलं, वरून मेण लिंपलं. आता कोण चूक काढतो ते पाहू, असं त्या ठरवून बसल्या.

पण बरणी ठेवायची कुठे?

सकाळी झाडाच्या बुंध्याशी दव असे, म्हणजे दमट. तेव्हा बरणी शेंड्याकडच्या ढोलीत हवी. दुपारी शेंडा तापे, म्हणजे उष्णता. तेव्हा ती खाली मुळांच्या बेचक्यात हवी. दुपार कलली की खाली रानडुकरं उकरत येत, म्हणजे धक्का. तेव्हा पुन्हा वर. रात्री शेंड्यावर वारा सुटे, म्हणजे वास जाणार, तेव्हा पुन्हा खाली. शिवाय मधूनच चांगुणाबाईंना शंका येई की वर ऊन तर पोचलं नसेल, खाली मुंग्या तर लागल्या नसतील. मग एक फेरी नुसती बघायला.

पहिल्या दिवशी त्या प्रत्येक फांदीवर थांबून कण्हल्या. आठव्या दिवशी एकाआड एक फांदीवर कण्हल्या. नंतर त्यांना कण्हायला सवड मिळेना, कारण ऊन फार भरभर सरकत असे.

औषध घ्यायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं असं नाही. त्यांनी तूपसुद्धा आणून ठेवलं होतं. रोज बरणी हातात घेत, झाकणावर बोट ठेवत आणि मनात म्हणत, आज उघडली तर आज वारा शिरेल. गुडघा काय, उद्याही दुखेलच. बरणी मात्र एकदाच पहिल्यांदा उघडता येते.

एकदा अस्वलबुवा वास काढत आले. बरणीतून वास येत नव्हता हे पाहून त्यांना वाईट वाटलं. चांगुणाबाईंनी त्यांना जाणते म्हणून मान दिला आणि विचारलं, बुवा, तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव, तुम्ही साठवण कशात करता?

अस्वलबुवांनी बोटांवर वर्षं मोजली.

“बाई, तीस वर्षं झाली,” ते शेवटी म्हणाले. “साठवायची वेळ कधी आलीच नाही.”

आणि मग त्यांनी बरणी थोडी हलकी करून देण्याची तयारी दाखवली. चांगुणाबाई बरणी घेऊन एका दमात शेंड्यावर गेल्या. बुवा खालून बघत राहिले. एवढ्या वेगाने चढणारी बाई औषध कशावर घेते आहे, ते त्यांना उमगेना.

असा महिना गेला. एका दुपारी चांगुणाबाई बरणी घेऊन शेंड्यावरून निघाल्या होत्या, तोच कोतवाल पक्षी निरोप घेऊन आला. गोदूच्या मुलीच्या पापण्या हलायला लागल्या होत्या. आणि तिची दुसरी आजी, म्हणजे गोदूची सासू, पाळण्यापाशी मांडी ठोकून बसली होती आणि हलायला तयार नव्हती.

महिना संपला आणि आपण औषधाचा कणही घेतला नाही, हे चांगुणाबाईंना त्या क्षणी कळलं. आता मेण खरवडायचं, तूप कढवायचं, मग ते अंगात भिनेपर्यंत थांबायचं, तोवर पोर सासूला बघून मोकळं होणार होतं. त्यांना रडू आलं. साठवण-साठवण करत आपण नातच घालवली, असं त्यांना वाटलं. खाली बुवा झाडाला पाठ घासत उभे होते, त्यामुळे बरणी ठेवून जायचीही सोय नव्हती.

चांगुणाबाईंनी बरणी छातीशी धरली, फांदीच्या टोकापर्यंत धावल्या आणि उडी मारली.

अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या बरोबर वर, त्यांच्या लक्षात आलं की आपले गुडघे दुखतात. पण तोपर्यंत ऐनाची फांदी पायाखाली आली होती.

त्या तशाच ढोलीत शिरल्या. सासूबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. त्यांना बाजूला व्हा म्हणण्याइतका वेळ नव्हता, म्हणून चांगुणाबाईंनी दोघींच्या मधे बरणी घुसवली आणि तिच्यामागे आपलं तोंड आणलं. त्याच घटकेला पोरीने डोळे उघडले.

तिला काचेतून आजी दिसली. थोडी फुगलेली, बरीचशी हिरवी, आणि डोळ्यांतून पाणी वाहणारी. पोर हसलं. चांगुणाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सासूबाईंनाही नमस्कार केला.

आत्याने पोरीचं नाव केतकी ठेवलं. पण सगळं जंगल तिला बरणी म्हणतं.

बारशाला जमलेल्यांनी एकच विचारलं, चांगुणाबाई, गुडघे कशाने बरे झाले? चांगुणाबाईंनी बरणी पुढे केली. त्या खोटं बोलल्या नाहीत. महिन्यात दुसरं काही केलेलं त्यांना आठवतच नव्हतं. लोकांनी बरणी निरखून पाहिली. ती काठोकाठ भरलेली होती. औषध किती जहाल असेल, न उघडता लागू पडलं, असं भेकरीण म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी धनेशशेठच्या दुकानापुढे ओढ्यापर्यंत रांग लागली. फुलं दोन दिवसांत संपली. तिसऱ्या दिवसापासून तो रिकाम्या बरण्या मेण लावून विकू लागला. त्यांचाही गुण येत होता, विशेषतः उंच झाडांवर राहणाऱ्यांना.

कासववैद्यांना ही बातमी उशिरा पोचली. ते रांगेपाशी आले आणि म्हणाले, “मी पहिली गोष्ट जी सांगितली होती...” पण त्यांचं वाक्य पुरं होईतो रांग पुढे सरकली होती.

चांगुणाबाईंची बरणी अजून उघडलेली नाही. ती नातीच्या लग्नात तिला द्यायची असं ठरलं आहे. अस्वलबुवांनी आतापासूनच आमंत्रण मागून ठेवलं आहे.

तात्पर्य: औषध घेण्याची घाई करू नये. ते नीट साठवावं, आणि सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा जागा बदलून ठेवावं. वैद्याने सांगितलेली पहिली गोष्ट मात्र कधीही ऐकू नये. ती फुकट असते, तिचा गुण कसा येणार?