आखूड नळ्यांचा ॲन्टेना

साडेसहाला सविता सह्याद्री वाहिनीवर लिंबाच्या बागेबद्दल बोलणार होती आणि सहालाच पडद्यावर चौकोन पडायला लागले. काष्टी गावातल्या तिच्या माहेरच्या घरात पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसलेली. सगळ्यांनी एकदम तिच्या बापाकडं, सहादेवकडं पाहिलं.

पाहणारच की! लेक माझ्याच ॲन्टेनावर दिसणार, असं त्यानं गावभर सांगून ठेवलेलं. एके काळी पंचक्रोशीतले ॲन्टेने त्यानंच उभारले होते. पुढं घरोघर डिश आल्या, पण हा गडी हटला नाही. तीन वर्षांपूर्वी तो मोतीबिंदूसाठी नगरला दवाखान्यात असताना घरच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या होत्या म्हणे. परतला तर चित्र लख्ख! "टीव्हीचा टॉवर लाटांच्या नव्या पट्ट्यावर गेलाय म्हनं," बायको झुंबरबाई म्हणाली होती. तरी आपला जुना ॲन्टेना धरतोय, याचाच त्याला केवढा अभिमान.

"पट्टा पुन्ना बदलला," सहादेव आता गंभीरपणे म्हणाला. "व्हीएचएफ पट्ट्याची लाट लांब, तिला लांब नळ्या. यूएचएफची आखूड, तिला आखूड. समद्या नळ्या कापाव्या लागतील."

"अवं, आत्ता? जरा दम धरा, आपोआप येईल."

"आपोआप यायला लाट म्हंजे पावनी हाय व्हय?"

करवत घेऊन तो स्लॅबवर चढला. वायर सोडली, ॲन्टेना खांबावरून उतरवला. तीन नळ्या कापल्या आणि चौथीला पातं तुटलं. साडेसहा वाजून गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात टीव्ही दाखवला आणि आज पोटच्या पोरीचं तोंड दिसेना! त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारच्या गोजरबाईच्या पत्र्यावर धडधड झाली. तिथल्या डिशला लोंबकळलेल्या वानराला तिचा मुलगा राम काठीनं हाकलत होता. वानर पळालं, रामनं डिश सरळ केली आणि खालून एकच गलका उठला, "आली! सविता आली!"

सहादेवनं मांडीवरच्या ॲन्टेनाकडं पाहिलं. मग डिशकडं. तिची काळी वायर भिंतीवरून सरळ त्याच्याच खिडकीत शिरत होती.

झुंबरबाई धापा टाकत वर आली.

"टॉवर बंद झाला त्याला तीन वर्सं झाली. तुमचा डोळा दुखत व्हता, त्यात हे कसं सांगावं? म्हनून डिश गोजरबाईच्या पत्र्यावर बसवली. डिशची पेटी देवाच्या फोटोमागं हाय."

सहादेवनं तुटकी करवत खाली ठेवली.

"गावात कुनाकुनाला ठावं हाय?"

झुंबरबाईनं पदराचं टोक चाळवलं. "तुमी सोडून समद्यास्नी."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं लोक येऊन 'काय चित्र हाय!' म्हणत होते, ते सगळे डोळ्यांसमोरून गेले. आता खाली उतरायचं तरी कुठल्या तोंडानं?

तोच अंगणातून आप्पासाहेब पाटलांचा आवाज आला. "सहादेव, लई झाक दिसतंय रं! जरा डावीकडं घे, आनखी खुलंल!"

घर एकदम चिडीचूप झालं. टीव्हीचा आवाजसुद्धा कोणीतरी बारीक केला.

सहादेवनं डोळे पुसले. अर्धा कापलेला, बिनवायरचा ॲन्टेना खांबावर चढवला आणि बोटभर डावीकडं वळवला.

"बास! बास!" पंचवीस गळे एकदम ओरडले. "आता अजिबात हलवू नका!"