पाचकाच्या नऊ पुड्या

आप्पासाहेबांचा डबा आपण स्वतः परत करावा, असं मी त्या रविवारी सकाळी ठरवलं. मी काही ठरवलं की घरातल्यांनी सावध व्हावं असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. पण त्या वेळी कौशल्या आंघोळीला गेली होती आणि पुतणी नम्रता झोपली होती. मला अडवायला कोणीच नव्हतं.

आप्पासाहेब आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीचे ते सेक्रेटरी. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या शालनताईंनी स्टीलच्या डब्यातून अळूवड्या पाठवल्या होत्या. वड्या दहा मिनिटांत संपल्या, डबा तेवढा राहिला. शुक्रवारी जिन्यात एक कागद लागला : ‘ज्यांच्याकडे आमचा डबा आहे, त्यांना तो आवडला असल्यास कळवावे. दुकानाचा पत्ता देऊ.’ नाव कोणाचंच नव्हतं, पण कागद चिकटवला होता आमच्या दारासमोर.

डबा फ्रिजमध्ये सापडला. झाकणावर शालनताईंचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळे चुकायला वाव नव्हता. हलवून पाहिला तर आत काहीतरी वाजलं. मी मनातल्या मनात बायकोचं कौतुक केलं. आम्ही मूळचे वर्ध्याचे. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करणं आमच्याकडे फार वाईट समजतात, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. तेव्हा कौशल्यानं काहीतरी घालून ठेवलंय, हे उघडच होतं.

आप्पासाहेबांनी दार उघडलं, डबा घेतला आणि माझ्यासमोरच झाकण काढलं. आत कागदाच्या नऊ छोट्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर एक आकडा आणि खाली ‘सकाळी’ असं लिहिलेलं.

“हे काय?”

इथे “माहीत नाही” म्हणणारा माणूस आयुष्यात सुखी होतो. पण मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून आहे. फाइल न वाचता शेरा मारायची हाताला सवय.

“पाचक,” मी म्हणालो.

“घरचं?”

“कौशल्याच्या माहेरचं. रोज सकाळी एक.”

“चावायची की गिळायची?”

“गिळायची. पण आधी जरा तोंडात घोळवायची.” (हे मला कुठून सुचलं, देव जाणे.)

“वास वेगळाच आहे.”

“अस्सल आहे ना!”

आप्पासाहेब चक्क हसले. अठरा वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं. मी दोन-दोन पायऱ्या गाळत घरी आलो आणि स्वतःच चहा करून प्यालो.

दहा वाजता नम्रतानं फ्रिज उघडला आणि किंकाळी फोडली.

नम्रता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला आमच्याकडे राहते. तिच्या प्रबंधाचा विषय आहे, रानातल्या सरड्यांच्या पोटातले जंत. (वर्ध्याला माझा भाऊ लोकांना “पोरगी मायक्रोस्कोपवर आहे” एवढंच सांगतो.) सरड्याला हातसुद्धा लावायचा नाही. उन्हात लांब बसून राहायचं, तो उठून गेला की त्यानं मागे ठेवलेली लेंडी चिमट्यानं उचलायची आणि पुडी बांधायची. एक सरडा, एक पुडी. शनिवारी सकाळी तिनं तळजाईच्या एका खडकावरून नऊ पुड्या आणल्या होत्या आणि घट्ट झाकणाचा डबा दिसला म्हणून त्यात ठेवल्या होत्या.

“काका, त्या खडकावरचे सरडे आजारी आहेत. त्यांना कोणता जंत लागलाय ते कळलं नाही तर माझं शेवटचं प्रकरणच होत नाही. उद्या अकराला दोन तास मायक्रोस्कोप मिळणार आहे. मंगळवारी तो दुरुस्तीला जातो आणि शुक्रवारी प्रबंध द्यायचाय. कुठे आहे डबा?”

“आप्पासाहेबांकडे.”

“त्यांना काय सांगितलंत?”

“पाचक.”

कौशल्या केस पुसत बाहेर आली होती. “अहो, तुम्ही काय करून राहिले हे!” असं म्हणून ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. नम्रता मात्र हसत नव्हती. पोरगी तीन आठवडे टेकडीवर उन्हात बसून काळवंडली होती आणि तिचे डोळे भरले ते माझ्यामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही खाली धावलो. दार शालनताईंनी उघडलं.

“आप्पासाहेब आहेत?”

“मंडईत गेलेत. तुमचं पाचक घेऊन.”

“एखादी पुडी घेतली का हो त्यांनी?”

“छे! म्हणाले, नागोरावांचं औषध आहे, आधी कट्ट्यावरच्या मंडळींना देऊन बघतो.” (नागोराव म्हणजे मी.)

रविवारी सकाळी मंडईत स्कूटर लावायला जागा शोधणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. मी ती एका हातगाडीला टेकवली आणि हातगाडीवाल्याचं बोलणं ऐकून न घेता पळालो. कट्ट्यावर सहा म्हातारे ओळीनं बसले होते. मधोमध डबा होता. वैजनाथराव नावाच्या गृहस्थांनी पाच आकड्याची पुडी उघडून तळहातावर घेतली होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. तोंड उघडलेलं होतं.

“थांबा! गिळू नका!”

“का? जेवणानंतर घ्यायचं असतं का?”

“ते पाचक नाही!”

“मग काय आहे?” आप्पासाहेबांनी विचारलं.

मी नम्रताकडे पाहिलं. “सांगा ना काका,” ती म्हणाली. मी हळूच सांगितलं.

“मोठ्यानं बोला. धोंडिबांना कमी ऐकू येतं.”

“सरड्याची लेंडी!” मी ओरडलो.

आजूबाजूचा भाव करण्याचा आवाज एकदम बंद झाला. शेजारी मुळे विकणाऱ्या कांताबाईंनी मान वर केली आणि विचारलं, “कशी दिली?”

वैजनाथरावांनी हात असा काही झटकला की पाचवी पुडी कागदासकट मुळ्यांच्या ढिगाखाली गेली. आम्ही अख्खा ढीग उपसला, पण लेंडी सापडली नाही. (मुळे मात्र दोन किलो घ्यावे लागले.) उरलेल्या आठ पुड्या शाबूत होत्या, पण नम्रताचा चेहरा उतरला.

“पाचवीच महत्त्वाची होती. अर्ध्या शेपटीचा सरडा आहे तो. सगळ्यांत जास्त आजारी.”

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. आता माझ्या अब्रूचं पंचनाम्यासकट वाचन होणार, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो.

“तो बसतो कुठे?” त्यांनी विचारलं.

“तळजाईला. चारनंतर उन्हाला येतो.”

“मग आम्हीपण येतो.”

“तुम्ही कशाला, आजोबा?”

“काम परत नागोरावांच्या भरवशावर सोडायचं का?”

दुपारी तीन रिक्षा स्वारगेटवरून तळजाईकडे निघाल्या. टेकडी चढताना मंडळींना धाप लागली, पण खडकासमोर एकदा बसली आणि मला त्यांच्या अंगची विद्या कळली. एका जागी न हलता बसून दुसऱ्यांवर नजर ठेवणं, कोण कधी आला, किती वाजता गेला, जाताना काय करून गेला हे लक्षात ठेवणं, हा त्यांचा गेल्या पंधरा वर्षांचा दिनक्रमच होता. धोंडिबा नुसत्या बोटाच्या खुणेनं सरडे मोजत होते. नम्रता कुजबुजत एकेकाला माहिती पुरवत होती.

“बरा होईल का ग तो?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“रानातल्या सरड्यांना जंत असतातच, आजोबा. बहुतेक सरडे त्यांच्यासकट जगतात.”

“संसारच म्हणायचा,” आप्पासाहेब म्हणाले.

सव्वाचारला अर्ध्या शेपटीवाला आला. हडकुळा, पण रुबाब असा की इमारतीचा सेक्रेटरी तोच. वीस मिनिटं ऊन खाऊन तो निघून गेला. आप्पासाहेबांनी खडकाच्या उजव्या कडेला बोट दाखवलं. मी आधीच डाव्या कडेला पोचलो होतो आणि मला तिथे सापडली होती. काळपट, गोलसर, आणि टोकाला पांढरा ठिपका. सरड्याच्या लेंडीला पांढरं टोक असतं, हे नम्रतानंच मला सांगितलं होतं.

“हीच ती!” मी म्हणालो.

“इथे आहे,” आप्पासाहेब म्हणाले.

नम्रतानं दोन्ही घेतल्या, पुड्या बांधल्या, एकीवर ‘आप्पा’ आणि दुसरीवर ‘काका’ लिहिलं. घरी येताना मंडळी रिक्षात गाणी म्हणत होती. मीही म्हटलं, कारण पाप फेडल्याचं समाधान मोठं असतं.

सोमवारी संध्याकाळी नम्रता नाचतच घरात आली. आप्पासाहेबांची पुडी जंतांच्या अंड्यांनी नुसती गजबजलेली होती. उरलेल्या आठांत तीच अंडी, पण थोडी थोडी. तिच्या सरांनी खुर्चीतून उठून दोनदा पाहिलं. तिचं प्रकरण पूर्ण झालं होतं. कौशल्यानं तिची दृष्ट काढली. मी खोकलो.

“आणि माझी?”

“काका, तुमच्या पुडीत एकही जंत नाही.”

“बघ! म्हणजे मला तिथला एकमेव निरोगी सरडा सापडला!”

“नाही, काका. तुम्हाला वैजनाथ आजोबांनी टाकलेलं सुपारीचं खांड सापडलं. टोकाला चुना होता.”

महिन्याभरानं प्रबंध बांधून आला. पहिल्याच पानावर आभार आहेत. आप्पासाहेब आहेत, धोंडिबा आहेत, वैजनाथराव आहेत, मुळ्यांचा ढीग उपसू दिल्याबद्दल कांताबाईसुद्धा आहेत. माझं नाव दिसेना, म्हणून मी जरा हिरमुसलो. पण पोरगी काकाला विसरणारी नाही. बेचाळिसाव्या पानावर, ‘नमुने गोळा करताना आलेल्या अडचणी’ या मथळ्याखाली मी एकटाच आहे.